समुद्रातील हिरवी वेल : कॉलर्पाची ओळख आणि तिचा नकाशा

शिवऱ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. तरीही आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलांना समुद्र परका असतो. इथल्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे वाहत नाही. तो ओढ्यानाल्यांतून नीरेला, नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळतो आणि शेवटी दूरच्या बंगालच्या उपसागरात जातो. त्यामुळे आपल्या शाळेतील अनेक विद्यार्थी समुद्र पहिल्यांदा पाहतात तो शाळेच्या सहलीतच.

अशाच एका सहलीत आम्ही नववीच्या मुलामुलींना घेऊन मालवणला गेलो होतो. सकाळची ओहोटी होती. वेल्ह्याकडील एका वाडीतून आलेली एक विद्यार्थिनी ओल्या वाळूतून चालत आली. तिच्या हातात हिरव्यागार, नाजूक पिसासारख्या पानांचा एक वेल होता.

"सर, हे गवत का शेवाळ?"

"शेवाळ. समुद्रातलं."

"नाव काय याचं?"

आमचा विषय इतिहास. समुद्री वनस्पतींची जी दोन-चार नावे वाचनात आली होती, त्यांतील एक आम्ही ठामपणे सांगून टाकले, "कॉलर्पा रेसिमोसा." तिने ते वहीत उतरवून घेतले आणि लगेच पुढचा प्रश्न केला, "हे नाव कुणी ठेवलं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तो वेल आम्ही काचेच्या बाटलीत समुद्राच्या पाण्यासह घेतला, बाटलीवर नावाची चिठ्ठी डकवली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला. महिन्याभरात त्याचा हिरवट चिखल झाला.

पुढे वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक मित्र शाळेत आले. त्यांनी बाटली पाहिली, सहलीतील छायाचित्र पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. हा वेल कोठे उगवला होता? कोणत्या तारखेला मिळाला? नाव कशावरून ठरवले? पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण वेल लाटेबरोबर वाहून आलेला होता. तारीख चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर 'अंदाजाने' असे होते, आणि तो अंदाजही चुकला होता. रेसिमोसा या नावाचा अर्थ द्राक्षाच्या घडासारखी, आणि छायाचित्रात स्पष्ट दिसत होते ते पीस. आम्ही एका मुलीला चुकीचे नाव सांगितले होते आणि तिने ते विश्वासाने लिहून घेतले होते.

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तीच विद्यार्थिनी भेटली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने विचारले, "सर, ते नाव ठेवणारा सापडला का?" प्रस्तुत लेख हे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. सर्व वाचकांपुढे तो ठेवण्याचे कारण असे की, एखादी जात ओळखणे आणि ती कोठे कोठे आहे याचा नकाशा करणे ही कामे कशी चालतात, हे समजून घेण्यासाठी ही समुद्रातील वेल फार चांगले उदाहरण आहे.

ही वनस्पती कोणती?

कॉलर्पा हे उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत वाढणाऱ्या हिरव्या शैवालांच्या एका प्रजातीचे नाव आहे. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींचे कुटुंब. महाराष्ट्र आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर, विशेषतः मालवण-रत्नागिरी भागात, या कुटुंबातील अनेक जातींच्या नोंदी आहेत. विहिरीच्या पायरीवरील किंवा ओढ्यातील शेवाळ आपल्या परिचयाचे असते. कॉलर्पा त्याच हिरव्या गटातील, परंतु तिची बांधणी पाहून प्रथमदर्शनी ती जमिनीवरील एखादी वेलच वाटते.

तिचे तीन भाग दिसतात. खडकावर अथवा वाळूवर सरपटत जाणारा आडवा धागा, त्यातून खाली उतरून पकड घेणारे मुळांसारखे तंतू आणि वर उभ्या राहणाऱ्या पानांसारख्या शाखा. कॉलर्पा हे नावही याच सरपटण्यावरून आले आहे. ग्रीक भाषेतील खोड आणि सरपटणे या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. मात्र ही खोडे, मुळे आणि पाने खऱ्या अर्थाने खोडे, मुळे, पाने नव्हेत. जमिनीवरील झाडाचे पान असंख्य पेशींचे बनलेले असते. कॉलर्पाची संपूर्ण वेल ही एकच पेशी असते! त्या एका पेशीत अगणित केंद्रके असतात, पण त्यांच्यामध्ये भिंती नसतात. आतून आडव्या-उभ्या बारीक तुळया भिंतीला आधार देतात. काही जातींचा आडवा धागा दोन-तीन मीटरपर्यंत वाढतो. एका पेशीचा जीव म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा बिंदू, असे आपण वर्गात शिकवतो. त्या शिकवण्याला हा मोठा अपवाद आहे.

एकच पेशी असेल तर ती तुटल्यावर सारा रस वाहून जायला हवा. तसे होत नाही. जखम होताच आतील द्रव्ये काही मिनिटांत घट्ट होऊन बूच बसवतात, आणि तुटलेला तुकडा स्वतंत्र वेल म्हणून वाढू लागतो. या वनस्पतीत कॉलर्पेनाइन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे अनेक मासे आणि इतर प्राणी तिला तोंड लावत नाहीत. जखम बुजवण्याच्या कामीही तेच द्रव्य रूप बदलून उपयोगी पडते. तुकड्यातून वाढण्याची ही क्षमता पुढील कथेत महत्त्वाची ठरते.

नाव कोणी ठेवले?

१७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या आश्रयाने एक अभ्यासमोहीम कोपनहेगनहून अरबस्तानाकडे निघाली. मोहिमेत सहा माणसे होती. त्यांत पीटर फोर्स्कोल हा निसर्गाभ्यासक होता. वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा तो शिष्य. दुसरा कार्स्टन नीबूर हा मोजणी करणारा आणि नकाशे काढणारा. फोर्स्कोलने इजिप्तमध्ये आणि तांबड्या समुद्राच्या काठी वनस्पती व जलचर गोळा केले. सुएझच्या किनाऱ्यावर मिळालेले, द्राक्षघडासारखे दिसणारे एक हिरवे शैवाल त्यांत होते. १७६३ च्या जुलै महिन्यात येमेनमध्ये हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघ्या एकतीस वर्षांचा होता.

उरलेली माणसे मुंबईकडे निघाली. चित्रकार बाउरेनफाइंड आणि सेवक बर्गग्रेन वाटेतच समुद्रावर मरण पावले. वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला. भाषापंडित फॉन हावेन येमेनमध्येच गेला होता. सहांपैकी एकटा नीबूर उरला. त्याने मुंबईतील मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मापे आणि चित्रे घेतली, आणि मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये मृत मित्राची टिपणे प्रसिद्ध केली. त्या टिपणांतून सुएझचे ते शैवाल जगासमोर आले. फोर्स्कोलने त्याला फ्यूकस या तेव्हाच्या सर्वसमावेशक प्रजातीत घालून 'रेसिमोसस' म्हणजे घडासारखे असे विशेषण दिले होते. १८०९ मध्ये फ्रेंच अभ्यासक लामूरू याने कॉलर्पा ही वेगळी प्रजाती स्थापन केली, आणि १८७३ मध्ये स्वीडनच्या याकोब आगार्ड याने आपल्या घडाला तिच्यात जागा दिली. तेव्हा 'रेसिमोसा' हे नाव एका माणसाने ठेवले नाही, ते शंभर वर्षांत घडले.

आपल्या विद्यार्थिनीच्या हातातील पिसासारख्या वेलीशी जुळणारे नाव मात्र 'सर्टुलॅरिऑइडिस' हे आहे. ते ग्मेलिन या अभ्यासकाने १७६८ मध्ये दिले. सर्टुलॅरिया हा पिसासारख्या वसाहती करणारा एक समुद्री प्राणी आहे. त्याच्यासारखी दिसणारी, असा या नावाचा अर्थ. एका वनस्पतीला प्राण्याच्या रूपावरून नाव मिळाले.

आपल्या किनाऱ्याचा पद्धतशीर अभ्यासही एका डॅनिश अभ्यासकाशीच जोडलेला आहे. फ्रेडरिक बोर्गेसेन याने १९०७ मध्ये वेस्ट इंडिजमधील कॉलर्पांवर मोठा निबंध लिहिला होता. चिखल-वाळूत, इतर वनस्पतींच्या आधाराने आणि खडक-प्रवाळांवर वाढणाऱ्या कॉलर्पांची बांधणी कशी निरनिराळी असते, हे त्याने त्यात दाखवले. १९२७-२८ च्या हिवाळ्यात तो भारतात आला. त्याने मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यांवर शैवाले गोळा केली आणि १९३० पासून मुंबई इलाख्यातील हिरव्या व तपकिरी शैवालांविषयीचे लेख भारतीय वनस्पतिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर हे काम भारतीय संस्थांनी पुढे नेले. १९८३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उंटवाले, धारगळकर आणि अगाडी यांनी भारतातील सागरी शैवालांची यादी सिद्ध केली. २००१ मध्ये धारगळकर, उंटवाले आणि जगताप यांनी महाराष्ट्र किनाऱ्यावरील शैवालांची पूर्वीची व त्या वेळची स्थिती मांडली.

इतिहासाचे अध्यापक म्हणून एक गोष्ट नोंदवणे आम्हांस भाग आहे. फोर्स्कोल, ग्मेलिन, लामूरू, आगार्ड ही नावे आज प्रत्येक जातीच्या नावामागे जोडलेली आढळतात. ओहोटीच्या वेळी कालवे आणि तिसऱ्या वेचण्यासाठी रोज याच खडकांवर वावरणाऱ्या बायकांचे नाव कोठेही नाही. कोणते शेवाळ कोणत्या कपारीत कोणत्या महिन्यात येते, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्यांचे ज्ञान उणे होते म्हणून त्या सुटल्या असे नाही. ते ज्ञान कागदावर उतरले नाही, म्हणून त्या सुटल्या. लेखणी ज्याच्या हाती, त्याचे नाव राहते.

ओळख कशी पटवावी?

आपल्या किनाऱ्यावर नोंदलेल्या प्रमुख जाती साध्या डोळ्यांनी आणि एका भिंगाच्या मदतीने प्राथमिक पातळीवर वेगळ्या करता येतात. क्रम असा ठेवावा.

१. सरपटणारा आडवा धागा आणि त्यातून खाली गेलेले तंतू आहेत का, ते प्रथम पाहावे. ते असतील तरच कॉलर्पाचा विचार करावा. समुद्राकाठी सर्वत्र दिसणारे पातळ हिरव्या कागदासारखे शैवाल अल्वा आहे. त्याला असा धागा नसतो.

२. उभी शाखा सपाट पट्टीसारखी आणि तिच्या कडांना करवतीसारखे दाते असतील, तर ती स्काल्पेलिफॉर्मिस. नावाचा अर्थ लहान सुरीच्या आकाराची.

३. उभी शाखा पिसासारखी असेल, म्हणजे मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उपशाखा असतील, तर उपशाखांचा आकार भिंगातून पाहावा. त्या सुईसारख्या गोल आणि टोकदार असतील तर सर्टुलॅरिऑइडिस. चपट्या, बुडाशी आवळलेल्या आणि विळ्यासारख्या वर वळलेल्या असतील तर टॅक्सिफोलिया.

४. उपशाखांच्या टोकाला गोटीसारखे फुगीर मणी असतील तर रेसिमोसा. मण्यांऐवजी देठावर ठेवलेली चपटी तबकडी असेल तर पेल्टाटा, म्हणजे ढालीसारखी.

५. मधल्या देठाभोवती बारीक तंतूंची चक्रे असतील तर व्हर्टिसिलाटा.

आम्ही मालवणला यातील तिसरी पायरी गाळली होती. पीस आणि घड यांतील फरक सहावीतील मुलालाही कळतो. आम्हांला ठाऊक असलेले नाव समोरच्या वस्तूवर लादण्याची घाई झाली, इतकेच. 'ये आणि पाहा' हे वचन आपल्या शाळेत रोज उच्चारले जाते. पाहण्याआधी नाव उच्चारू नये, हा त्याचा व्यवहारातील अर्थ आम्ही त्या बाटलीपासून शिकलो.

रूप फसवे असते

या पायऱ्या प्राथमिक आहेत असे वर म्हटले, त्याला कारण आहे. कॉलर्पाचे रूप प्रकाश, उष्णता, खोली आणि लाटांचा मारा यांनुसार बदलते. जपानमधील अभ्यासकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रेसिमोसाच्या एका प्रकाराला प्रयोगशाळेत निरनिराळ्या प्रकाशात व तापमानात वाढवले. तेव्हा एकाच वेलीवर वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी रूपे उमटली. म्हणजे ग्रंथांत वेगळ्या मानलेल्या दोन रूपांमागे कधी एकच जात असते, आणि उलट एकाच रूपामागे दोन जाती दडलेल्या असतात.

हा गुंता सोडवण्यासाठी आता वेलीतील आनुवंशिक द्रव्याचा एक ठरावीक तुकडा वाचतात. कॉलर्पासाठी टुफ-ए नावाचे जनुक वापरले जाते. २०१४ मध्ये रेसिमोसा आणि पेल्टाटा या गटाची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. या दोन नावांखाली पूर्वी एकत्र टाकलेल्या अनेक वेली वस्तुतः स्वतंत्र जाती आहेत, असे त्यातून दिसले. यामुळे जुन्या याद्या निरुपयोगी होत नाहीत. त्या पुन्हा तपासाव्या लागतात. मात्र तपासायला नमुना शिल्लक हवा. वाळवून कागदावर चिकटवलेला, स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेला नमुना हा वनस्पतीचा ताम्रपट होय. आज वाचणाऱ्याला चूक आढळली तरी मूळ पट उद्याच्या अभ्यासकासाठी तसाच राहतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून आहे. तेथील वनस्पतिसंग्रहात असे नमुने कसे जपतात, हे आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा अवश्य पाहावे.

ओळख चुकली तर काय होते?

१९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात टॅक्सिफोलियाचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. ही उष्ण समुद्रातील जात भूमध्य समुद्रात पूर्वी नव्हती. मत्स्यालयाच्या काचपेट्या सजवण्यासाठी ती युरोपात वाढवली जात असे. १९८९ पर्यंत त्या ठिपक्याचा विस्तार सुमारे एक हेक्टर झाला होता. फ्रान्समधील नीस येथील प्राध्यापक आलेक्झांद्र मेनेझ यांनी धोक्याची सूचना दिली. परंतु वाद सुरू झाला. ही वेल परकी नसून भूमध्य समुद्रातीलच मेक्सिकाना नावाच्या जातीचे बदललेले रूप आहे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे पडले. ओळख पटण्यात वर्षे गेली. १९९८ मध्ये आनुवंशिक तपासणीने हे सिद्ध केले की, समुद्रातील वेल आणि मत्स्यालयांतील वेल एकच आहेत. तोवर जहाजांच्या नांगरांना आणि मासेमारीच्या जाळ्यांना अडकलेले तुकडे दूरदूर पोहोचले होते. एक चौरस मीटर असताना जे काम दोन पाणबुडे एका दिवसात करू शकले असते, ते पुढे कोणालाच शक्य झाले नाही.

याउलट अमेरिकेतील उदाहरण पाहावे. २००० च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या एका खाडीत हीच वेल दिसली. ती लगेच ओळखली गेली, आनुवंशिक तपासणीने खात्री झाली, प्रत्येक ठिपक्याचा नकाशा काढला गेला आणि ठिपके ताडपत्रीखाली झाकून क्लोरीनने मारले गेले. २००६ मध्ये तेथून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यासाठी सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले. दोन्ही ठिकाणी वेल तीच होती. एके ठिकाणी नाव आणि नकाशा वेळेवर मिळाले, दुसरीकडे मिळाले नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. टॅक्सिफोलिया भूमध्य समुद्रात उपद्रवी ठरली, म्हणून ती सर्वत्र उपद्रवी असते असे नाही. उष्ण समुद्रांत ती इतर शैवालांबरोबर मर्यादेत राहते. जात एकच, पण स्थळानुसार तिचा अर्थ बदलतो. म्हणूनच नुसते नाव पुरत नाही, नावाबरोबर स्थळ लागते. आणि 'परकी', 'आक्रमक' हे शब्द वनस्पतींच्या चर्चेपुरतेच ठेवावेत. ते माणसांना लावण्याची सवय किती घातक असते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

नकाशा कसा तयार होतो?

नकाशाचे पहिले साधन उपग्रह असेल, असे वाटते. भारतीय उपग्रहांवरील लिस-चार या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील ५.८ मीटर लांबी-रुंदीचा असतो, म्हणजे सुमारे साडेतेहतीस चौरस मीटर. खडकाच्या कपारीत हातभर पसरलेली वेल त्यात दिसणार नाही. शिवाय तांबडा आणि अवरक्त प्रकाश पाणी चटकन शोषून घेते, आणि हिरवी वनस्पती ओळखण्यासाठी उपग्रह त्याच प्रकाशावर विसंबतो. वेल हातभर पाण्याखाली असली तरी तिची खूण पुसट होते. पाणी गढूळ असेल तर तीही उरत नाही. उपग्रह किनाऱ्यावरील खडकाळ पट्टे दाखवतो. त्या पट्ट्यांत कोणती जात आहे, ते पायी जाऊनच पाहावे लागते.

पायी जाण्याची वेळ समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटीही सर्वांत खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराच्या भांगात पाणी पुरेसे हटत नाही. पावसाळ्यात लाटांनी खडक धुऊन निघतात. ऑक्टोबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर शैवालांच्या बहराचा काळ.

काठाकडून समुद्राकडे एक दोरी ताणतात. दोरीवर ठरावीक अंतराने अर्धा मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट ठेवतात. चौकटीत सुतळीने पंचवीस घरे केलेली असतात. कॉलर्पा किती घरांत आहे ते मोजायचे. दहा घरांत असेल तर व्याप्ती चाळीस टक्के. प्रत्येक चौकटीजवळ खडक आहे की वाळू, डबके आहे की उघडा उतार, आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहायचे. अशी चौकट पाव चौरस मीटरची असते. उपग्रहाच्या एका ठिपक्यात अशा एकशे चौतीस चौकटी मावतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या चौकटीत वेल नाही तेथे स्पष्ट 'नाही' असे लिहायचे. 'पाहिले आणि नव्हते' आणि 'पाहिलेच नाही' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या साधनांतही हाच भेद असतो. एखाद्या समाजाचा उल्लेख कागदपत्रांत नाही, म्हणून तो समाज तेथे नव्हता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणी पाहिले होते का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नसतो. कोऱ्या जागेचा अर्थ 'नाही' असा लावणे ही नकाशातील आणि इतिहासातील सारखीच चूक आहे.

वाहून आलेल्या वेलीचे काय? ती येथे कोठेतरी जवळपास किंवा दूर वाढते, एवढेच ती सांगते. तिच्यावरून नकाशात बिंदू मांडता येत नाही. आमची बाटली म्हणूनच नकाशाच्या कामी निरुपयोगी होती.

आपण काय करू शकतो?

मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याशेजारचा पद्मगड त्याच्या गाभ्यात येतो. तेथील मच्छीमारांनी निर्बंधांच्या भीतीने विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. समुद्राच्या कोणत्या तुकड्यात काय जगते, कोठे मासेमारी चालू शकते आणि कोठे थांबायला हवे, हे नोंदींवाचून ठरवले तर निसर्गावरही अन्याय होतो आणि माणसाच्या पोटावरही. चांगला नकाशा दोघांच्याही बाजूने बोलतो. महाराष्ट्राचा किनारा शेकडो किलोमीटर लांब आहे. संस्थांतील मोजके अभ्यासक त्याचा प्रत्येक खडक दरवर्षी पाहू शकणार नाहीत.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज मुंबई, पनवेल, अलिबाग, रत्नागिरी अशा किनाऱ्याजवळच्या गावांत नोकरी-व्यवसाय करतात. त्यांना आणि सर्व पालकांना आमची विनंती आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. हिरवी वेल दिसली तर उपटू नका. अभयारण्यात तर परवानगीवाचून काहीही उचलणे हा कायद्याने गुन्हा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र पूर्ण वेलीचे आणि एक उपशाखांचे जवळून घ्या. तारीख, वेळ, तिथी, गाव, अक्षांश-रेखांश, खडक की वाळू, उगवलेली की वाहून आलेली, एवढे लिहा. पाहणाऱ्याचे पूर्ण नाव लिहा. मूल लहान असले तरी त्याचे नाव लिहा. जात ओळखता आली नाही तर 'अनिश्चित' असे लिहायला संकोचू नका. तेथे कालवे वेचणाऱ्या मावशी भेटल्या तर त्या या शेवाळाला काय म्हणतात ते विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचे नावही लिहून घ्या. अशा नोंदी शाळेकडे पाठवा. प्रयोगशाळेत त्यांसाठी एक वही ठेवली आहे.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आमचीच नोंद आहे. ती अशी : 'जात – अनिश्चित, छायाचित्रावरून बहुधा कॉलर्पा सर्टुलॅरिऑइडिस. पूर्वी रेसिमोसा असे चुकीचे सांगितले होते. स्थळ – मालवण, वाहून आलेली, उगवल्याचे ठिकाण कळले नाही. तारीख – नोंदवलेली नाही, चूक अध्यापकांची.' पाहणाऱ्याच्या रकान्यात त्या विद्यार्थिनीचे नाव आहे. मेळाव्याच्या दिवशी ते तिने स्वतःच्या हाताने लिहिले. दुसरे पान अजून कोरे आहे.